वास मारू नका, वास शोधा!

"अरे, पेट्रोलची गाडी आहे, पेट्रोलचा वास येणारच ना!" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या कॉलेजात सापडणं कठीण. म्हणणारा कधी गाडीचा मालक असतो, कधी गॅरेजवाला, आणि कधी (लाज वाटते, पण खरं आहे) थर्ड इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी. त्यानंतरचा कार्यक्रमही ठरलेला. डॅशबोर्डवर मोगऱ्याची नाहीतर लिंबाची एक बाटली येते, काचा चार बोटं खाली होतात आणि गाडी लोणावळ्याच्या दिशेने सुटते. पुढे लिंबू-मिरची टांगलेली असतेच. म्हणजे इडापिडेचा बंदोबस्त झाला, वासाचा झाला, आता राहिलं काय?

राहिलं ते पेट्रोल. ते जिथून गळत होतं तिथून गळतच राहतं.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. गाडीच्या आत पेट्रोलचा वास येणं ही गाडीची 'सवय' नसते, तो बिघाड असतो. बिघाड असेल तर त्याला कारण असणार, आणि कारण शोधता येतं. ते शोधायची पद्धत आपण चार वर्षं फी भरून शिकतो. तरी वेळ आली की आपण पद्धत सोडून बाटली आणतो. हे बदलायला हवं.

आधी वासाला घाबरायचं किती ते बघू. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवामानात, महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा, उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ तयार असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर उडून जात नाही, खाली बसते, गाडीच्या फ्लोअरवर, सीटखाली, डिकीच्या खळग्यात. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते.

आता थोडं गणित करू. छोट्या गाडीच्या केबिनचं आकारमान ३ घनमीटर धरा, म्हणजे ३००० लिटर. त्याचे १.४ टक्के म्हणजे ४२ लिटर वाफ. एवढी वाफ तयार व्हायला द्रव पेट्रोल किती लागेल? रेणुभार आणि घनता घालून आकडा काढलात तर उत्तर १५० ते २०० मिलीच्या आसपास येतं. आपल्या कॅन्टीनच्या कटिंगचे दोन ग्लास! मित्राची बाइक बंद पडली म्हणून डिकीत ठेवलेली पेट्रोलची बाटली आडवी झाली की हिशोब पुरा.

यावर एखादा हुशार मित्र म्हणेल, "पण नाकाला तर दशलक्षात एखादा भाग वाफ असली तरी वास येतो. पेट घ्यायला दशलक्षात १४००० भाग लागतात. मग वास आला म्हणजे धोका आला असं कसं?" मुद्दा बरोबर आहे, आणि तो टाळून चालणार नाही. नुसत्या वासाने गाडी पेटत नाही. पण नाक मोजतं ते केबिनमधलं प्रमाण. आग लागते गळतीच्या जागी, आणि तिथे प्रमाण शंभर टक्क्यांपासून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला कमी कमी होत जातं. मधे कुठेतरी तो १.४ ते ७.६ टक्क्यांचा पट्टा असतोच. त्या पट्ट्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे, अल्टरनेटर आहे की एखादी सोललेली वायर आहे, हे नाकाला कळत नाही. शिवाय नाक दगाबाज आहे. दहा-पंधरा मिनिटं एकाच वासात बसलं की ते सांगायचं बंद करतं. "आता वास गेला बघ" असं गाडीत बसलेला माणूस म्हणतो तेव्हा बऱ्याचदा वास गेलेला नसतो, नाक थकलेलं असतं. बाहेरून नवा माणूस आला की पहिलं वाक्य तोच बोलतो, "कसला वास येतोय रे?"

आणि आग नाही लागली तरी? पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. आपल्याकडच्या मानकात त्याची मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे. बेंझिनमुळे कॅन्सर होतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. रोज तासभर बंद काचेत ते हुंगायचं आणि वर सुगंधी बाटलीने झाकायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत.

तर मग वास येतो कुठून? इथे आपल्या मनातलं चित्र जुनं आहे. प्रॅक्टिकलला आपण कार्ब्युरेटरचं कट-सेक्शन बघतो, जर्नलमध्ये त्याची आकृती काढतो, व्हायव्हाला फ्लोट आणि नीडल सांगतो. नव्या पेट्रोल गाड्यांतून तो कार्ब्युरेटर कधीच गेला. त्या काळी पंपाचा दाब ०.२-०.३ बार असायचा. नळी थोडी पाझरली तर इंजिनावर ओल दिसायची, एवढंच. आजच्या साध्या इंजेक्शनच्या गाडीत नळीतला दाब ३ बारच्या आसपास असतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. इथे चीर पडली तर पेट्रोल थेंबाथेंबाने गळत नाही, फवारा उडतो. पंप टाकीच्या आत बसलेला, टाकी मागच्या सीटखाली. टाकीतली वाफ बाहेर सोडायची नाही म्हणून ती कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठवायची आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून आत ओढायची. एवढा सगळा संसार गाडीच्या अंगाखाली पसरलेला असतो. त्यात सांधे भरपूर, आणि सांधा म्हटला की गळती आलीच.

पण सांधे भरपूर आहेत म्हणून सगळे उघडत बसायचं नसतं. आधी तीन प्रश्न विचारायचे. वास कधी येतो? कुठे जास्त येतो? आणि बाहेरची हवा बंद केली तर काय होतं?

पहिला प्रश्न, कधी. टाकी फुल केल्यावर दोन दिवस वास येतो आणि पाव टाकी खाली गेली की थांबतो? मग संशय टाकीच्या वरच्या भागावर: पंपाच्या तोंडाची ओ-रिंग, फिलर नेकची रबरी नळी, ब्रीदरची नळी, झाकणाचं रबर. पेट्रोल त्या पातळीपर्यंत चढतं तेव्हाच ते गळतं, साधी गोष्ट आहे. गाडी उन्हात उभी राहिली की वास येतो? मग वाफेची व्यवस्था बघा. कॅनिस्टर तडकलेलं असेल किंवा त्याची नळी निघालेली असेल. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटं येतो आणि मग जातो? इंजेक्टरच्या ओ-रिंग थंडीत आखडतात, गरम झाल्या की पुन्हा बसतात. इंजिन चालू असेपर्यंत सतत येतो आणि वाढत जातो? मग दाबाखालची नळी, फिल्टरचा जोड, इंजेक्टर रेल. हे सगळ्यात वाईट. इथे गाडी चालवून बघायची नाही.

दुसरा प्रश्न, कुठे. पुढे बसणाऱ्याला जास्त की मागे बसणाऱ्याला? डिकी उघडल्यावर भपकारा येतो का? ऑइलची डिपस्टिक काढून हुंगलीत तर तिला पेट्रोलचा वास आहे का? असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा मिश्रण श्रीमंत झालंय, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. अशा गाडीचा प्लग काळा पडतो, अॅव्हरेज घसरतं, सायलेन्सरमधून न जळलेलं पेट्रोल येतं आणि डिकीचं रबर कुजलेलं असेल तर मागून आत शिरतं. हे झालं असेल तर पेट्रोलपेक्षा मोठी काळजी दुसरीच. त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही आत येतो आणि त्याला वासच नसतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला एक रुपया लागत नाही. केबिनमधली बाहेरची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून येते, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेला. ब्लोअर चालू ठेवून हवा 'बाहेरची' वरून 'आतली' वर फिरवा. वास कमी झाला तर तो इंजिनाकडून येतोय. तसाच राहिला तर तो मागून, टाकीकडून किंवा केबिनमधल्याच कशातून तरी येतोय. एका बटणाने अर्धी गाडी संशयातून मोकळी! याला निदान म्हणतात. प्रत्येक प्रयोगाने शक्यता निम्म्या झाल्या पाहिजेत. आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सर्किट मधोमध तोडून बिघाड कुठल्या बाजूला आहे ते शोधतो, तेच हे.

आता आमच्या विंगमधल्या एका गाडीची गोष्ट सांगतो, म्हणजे निदान न करण्याची किंमत कळेल. तिघांनी मिळून एक जुनी हॅचबॅक घेतली. मागे बसणाऱ्याला वास यायचा, फुल टाकीनंतर जास्त. पहिल्या गॅरेजने प्लग आणि एअर फिल्टर बदलला. दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. दोन्ही बिलं मिळून तिघांचं महिन्याचं मेसचं बिल निघालं असतं. वास होता तिथेच. तिसऱ्या गॅरेजात एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, "बाळांनो, वास कधी येतो?" मग मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं, पांढरं फडकं पंपाच्या कडेने फिरवलं आणि ओलं झालेलं फडकं तिघांच्या नाकाखाली धरलं. ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. कमी पडलं ते पहिल्या दोन गॅरेजांचं कसब नव्हे, विचारायची सवय. आणि हे आपल्या तिघांनाही उपयोगाचं होतं, कारण "फुल टाकीनंतर मागे वास" ही माहिती त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती.

ओ-रिंग एवढीशी असते म्हणून कुणी हसू नये. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने सुमारे १ लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या, त्या फ्युएल पंपाच्या गॅस्केटसाठी. एप्रिल २०१४ मध्ये त्याच कंपनीने स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून १ लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्या फिलर नेक बदलण्यासाठी. ऑटो कट-ऑफच्या पुढे पेट्रोल भरलं तर वास येण्याची, काही गाड्यांत गळतीची शक्यता होती. एवढीशा रबरापायी कंपनी लाखभर गाड्या बोलावते, आणि आपण बाटली लावतो! २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानंतर तर सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकारही देऊ शकतं. जुनी गाडी घेताना तिच्या चॅसिस नंबरवर असं काही बाकी आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. काम फुकट होतं.

ऑटो कट-ऑफवरून आठवलं. पंपावर नोझल 'खट्' करून थांबतं आणि पोऱ्या विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" नाही म्हणा! टाकीत वरची मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. राउंड फिगरच्या नादात पेट्रोल ब्रीदरमधून कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजतो, मग वास येतो, आणि पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरते. सात रुपयांच्या सुट्ट्यासाठी हजारोंचं कॅनिस्टर घालवू नका.

आणखी दोन गुन्हेगार आपल्या आवारातलेच. पहिला, उंदीर. मेसच्या मागच्या भिंतीला लागून गाड्या उभ्या असतात आणि तिथेच खरकटं पडतं. रात्री गरम इंजिनावर उंदरांची वस्ती, मग नळ्यांना दात. सुट्टीवरून आल्यावर बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेलं रबर बघितल्याशिवाय किल्ली फिरवू नका. दुसरा, बदललेलं पेट्रोल. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत त्याला साजेसं साहित्य आहे, पण आपण विद्यार्थी घेतो त्या गाड्या बहुतेक त्याआधीच्या. इथेनॉलमुळे काही जुनी रबरं फुगतात, मऊ होतात, नाहीतर चिरतात. म्हणून घाबरून गाडी विकायची गरज नाही. वर्षातून एकदा सगळ्या रबरी नळ्या बोटाने दाबून, वाकवून बघायच्या, एवढंच.

दुरुस्तीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. टाकीला एम-सील, नळीला चिकटपट्टी, ओ-रिंगच्या जागी गॅस्केट शेलॅक, हे चालणार नाही. ३ बार दाबाच्या नळीला त्याच दर्जाची, इंजेक्शनसाठीची नळी लागते. पाण्याची किंवा साधी कार्ब्युरेटरची नळी दिसायला तशीच, पण फुटायची. क्लिपही नवी. जिथे तांब्याचे वॉशर असतात तिथे दर वेळी नवे. आणि नळी सोडवण्याआधी दाब काढायचा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडलं की दाब उतरला. पण जिथे ओल दिसतेय तिथे हे करायचं नाही, कारण इंजिन चालू करणं म्हणजेच ठिणगी. अशी गाडी ढकलून किंवा टो करूनच न्यायची. तपासताना हातात बल्बचा दिवा नको, एलईडीची बॅटरी आधीच पेटवून न्यायची. गालिचा भिजला असेल तर तो काढून सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. हेअर ड्रायर अजिबात नाही.

आणि विद्यार्थ्याने कुठे थांबायचं तेही सांगतो. तीन प्रश्न विचारणं, फडकं फिरवणं, रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून सकाळी डाग बघणं, स्कॅनर लावून पी ०४४२ (वाफेची छोटी गळती), पी ०४५५ (मोठी गळती) किंवा पी ०१७२ (मिश्रण श्रीमंत) असे कोड वाचणं, हे आपलं काम. टाकी उतरवणं आणि दाबाची नळी सोडवणं हे शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच. मर्दुमकी दाखवायची ही जागा नाही.

रस्त्यात अचानक वास वाढला तर? गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर, दरवाजे उघडे, सिगारेटवाला लांब. "एकदा स्टार्ट करून बघू" नाही. बॉनेटखालून धूर दिसला तर ते पूर्ण उघडू नका, आगीला हवा मिळते. माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला फोन करा. सामान गाडीतच राहू दे.

"पण हे सगळं गॅरेजवाल्याला कळतं, आपण कशाला?" हा आक्षेप मी बराच ऐकलाय. गॅरेजवाल्याकडे तुमची गाडी अर्धा तास असते, तुमच्याकडे वर्षभर. लक्षणं तुमच्याकडे आहेत. डॉक्टरकडे जाऊन "काहीतरी होतंय" म्हणणारा पेशंट आणि "रात्री जेवल्यावर उजवीकडे दुखतं" म्हणणारा पेशंट, औषध कुणाला लवकर लागू पडेल?

म्हणून आमच्या आदरणीय सरांना एक विनंती. आयसी इंजिनच्या टर्मवर्कमध्ये कार्ब्युरेटरच्या एका आकृतीच्या जागी एक 'निदान पत्रक' ठेवा: एक लक्षण, तीन प्रश्न, संभाव्य कारणं, पडताळणी, दुरुस्ती, दुरुस्तीनंतरची तपासणी. दर सेमिस्टरला एक शनिवार वर्कशॉप उघडं ठेवा. होस्टेलच्या आणि स्टाफच्या गाड्या येऊ द्या, मुलांनी लक्षणं लिहून घ्यावीत, मिस्त्रींनी तपासावं. खर्च चहाचा. आणि रेक्टर सरांना विनंती, मेसचं खरकटं पार्किंगपासून हलवा आणि पार्किंगमध्ये एक चालू स्थितीतलं अग्निशामक ठेवा. चालू स्थितीतलं, भिंतीवरची शोभा नव्हे.

मित्रांनो, परीक्षेत आपल्याला उत्तराचे मार्क मिळतात म्हणून आपण उत्तरापासून सुरुवात करतो. "इंजेक्टर असेल", "प्लग असेल", "बदलून टाक". यंत्रासमोर सुरुवात प्रश्नापासून करावी लागते. पुढच्या महिन्यात गॅदरिंग संपलं की चार-चार जण भरून गाड्या कोकणात निघतील. निघण्याआधी बाहेरून येऊन दार उघडा आणि पहिला श्वास नाकाने घ्या. वास आला तर सहल एक दिवस पुढे ढकला. समुद्र तिथेच राहणार आहे.